दादाचा नेम

आधीच सांगून टाकते, मला मुंडक्यांची किळस येत नाही. लोकांना वाटतं, यायला हवी. कुणी विचारलं तुम्ही काय करता, तर मी सरळ सांगते, कत्तलखान्यात असते, मुंडक्यांच्या टेबलावर. मग समोरचं माणूस आपली खुर्ची हळूच मागे सरकवतं. सरकव बाबा. काल दोन किलो घेऊन गेलास ते काय झाडाला लागलं होतं?

एकोणीस वर्षं झाली मला. साखळीवरून मुंडकं आलं की आकड्यावरून उतरवायचं, पाण्याचा पाइप मारायचा, जीभ सोडवायची, गालातल्या गाठी उघड्या करून ठेवायच्या, म्हणजे सरकारी डॉक्टरला तपासता येतात. दिवसाला शंभर-सव्वाशे. रबरी बूट, रबरी एप्रन, हाताला जाळीचा मोजा, आणि हिवाळा असो की उन्हाळा, पाय कायम ओले. या टेबलावर जनावराचं सगळं कळतं. दातांवरून वय कळतं, शिंगावरून कळतं कुठे घासत उभं राहायचं ते. आणि कपाळावरून कळतं, ते कसं गेलं.

कपाळाचं नीट सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आमच्याकडे जनावराला आधी बेशुद्ध करतात, मग कापतात. कायदा आहे तसा. बोळातून एकेक जनावर लोखंडी खोक्यात येतं, वर ओट्यावर बंदूकवाला उभा असतो. त्या बंदुकीतून गोळी सुटत नाही. काडतुसाच्या धक्क्यानं बोटाएवढी पोलादी कांडी बाहेर येते, कवटीत शिरते आणि परत आत जाते. एका डोळ्यापासून पलीकडच्या बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची, दुसऱ्या डोळ्यापासून तशीच दुसरी. जिथे फुली पडते तिथे बार. बरोबर तिथे लागला तर जनावर आवाज कानात शिरायच्या आत जातं. दोन बोटं इकडेतिकडे झाला तरी ते पडतंच, पण पडलं म्हणजे बेशुद्ध झालं असं नाही. थोड्या वेळानं जागं होतं. तोवर त्याला पायाला साखळी घालून उलटं टांगलेलं असतं.

तो बंदूकवाला म्हणजे माझा दादा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची, हा अठराचा. माझी वेणी यानं घातली, माझ्या शाळेतल्या तक्रारी यानं ऐकल्या, माझं लग्न यानं लावलं आणि ते मोडलं तेव्हा सामान न्यायला टेम्पो घेऊन हाच आला. वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, ‘बरं झालं, तो घोरायचा म्हणे.’ मी रडता रडता हसले.

सव्वीस वर्षं तो त्या ओट्यावर आहे. म्हणजे होता. आमच्या बोळात आरडाओरडा चालत नसे, ते त्याच्यामुळे. कुणी शीळ घातली तरी वरून डोळे वटारायचा. ‘गप बसा की रे, ती ऐकतायत.’ एकदा जनावरं बोळाच्या वळणावर अडायला लागली, काही केल्या पुढे पाऊल टाकेनात. लोक काठ्या घेऊन धावले. दादा खाली उतरला, स्वतः बोळात शिरला, जनावराच्या उंचीला वाकला आणि ते बघतंय तिकडे बघितलं. कठड्यावर कुणाचातरी पिवळा रेनकोट वाऱ्यानं फडफडत होता. रेनकोट काढला, जनावरं मुकाट चालू लागली. असा माणूस. त्याच्यावर लोक हसायचे, ‘हा बैलांचा मामा’ म्हणायचे. तोही हसायचा.

आमचा मुकादम मात्र कधी हसला नाही. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. तासाला किती झाली, यापलीकडे त्याला भाषा येत नाही. त्याच्या कपाटात करंटची काठी असते, जनावराला चटका देऊन पळवायची. दादा असेपर्यंत ती कपाटातच राहिली. घड्याळाचा एक साडू दुसऱ्या कत्तलखान्यात होता, हाताचा चपळ म्हणे. त्याला आपल्याकडे आणायची घड्याळाची फार इच्छा. ‘तुझ्या दादाला आता विश्रांती द्यायला हवी,’ असं तो मला अधूनमधून ऐकवायचा, जसं काही दादाच्याच काळजीनं. मी म्हणायची, तुम्हीच घ्या ना आधी, चेहऱ्यावरून तुम्हालाच जास्त गरज दिसतेय.

मी कामाला लागले त्याच दिवशी दादानं मला बाजूला घेतलं होतं. ‘हे बघ धाकटे,’ म्हणाला, ‘मी बार करतो, खोक्याची बाजू उघडते, जनावर भिंतीपलीकडे गडगडतं आणि माझ्यासमोर लगेच दुसरं उभं. कानांवर ती टोपणं, यंत्रांचा गोंधळ. पलीकडे काय झालं ते मला ना दिसतं ना ऐकू येतं. माझं काम कसं झालं ते तुला दिसतं. तेव्हा रोज मला सांगायचं.’ जेवणाच्या खोलीत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, आणि पंख्यांचा असा घरघराट की शेजारणीकडे मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. म्हणून मग बोटं. तो माझ्याकडे बघून भुवई उडवायचा, मी एक बोट वर करायची. एक म्हणजे सगळ्यांना एकच भोक आणि जागेवर. कुठे दोन भोकं दिसली, किंवा एकच पण भलत्या जागी, तर दोन बोटं. एकोणीस वर्षांत दुसरं बोट मी पाच-सहा वेळाच काढलं असेल. ज्या दिवशी काढलं त्या दिवशी तो जेवणावरून उठला, बंदूक खोलून बसला, स्प्रिंग बदलली, काडतुसं सर्दली आहेत का बघितलं, आणि घड्याळ कितीही टिकटिकलं तरी बंदूक मनासारखी होईपर्यंत पुढचं जनावर खोक्यात घेतलं नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं. आणि एका मंगळवारी माझ्या टेबलावर एक मुंडकं आलं, पांढऱ्या ठिपक्याचं, आणि त्याच्या कपाळावर दोन भोकं.

एक मधोमध. दुसरं उजवीकडे, जवळजवळ डोळ्याच्या वर.

होतं असं. जनावर मान हलवतं. भिंतीपलीकडे जो साखळी घालतो त्याच्याकडे म्हणूनच दुसरी बंदूक दिलेली असते. जनावर पडलं की त्यानं डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून बघायचं, पापणी मिटली तर लगेच दुसरा बार. त्याला आम्ही मुक्या म्हणतो. बोलता येतं त्याला, पण वर्षातून तीनदा बोलतो. मला वाटलं, बरं झालं, मुक्यानं वेळेवर बघितलं. दुपारी दादानं भुवई उडवली. एकच तर होतं. मी एक बोट वर केलं.

ते पहिलं खोटं. इतकं सोपं गेलं की मला खोटं वाटलंच नाही.

बुधवारी दोन निघाली. शुक्रवारी चार. पुढच्या आठवड्यात मी मुंडकं आलं की आधी कपाळ बघायला लागले, आणि बंदुकीवर ढकलायची सोय उरली नाही. कारण भोकं कुठेही भरकटत नव्हती. सगळी एकाच बाजूला सरकत होती. बंदूक बिघडली तर भोक उथळ पडतं, वाकडं पडतं. हे खोल होतं, सरळ होतं, सफाईदार होतं, फक्त दोन बोटं उजवीकडे. बंदूक शाबूत होती. बघणाऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं.

त्या रविवारी मी दादाकडे गेले. वहिनीनं चहा केला, दादानं किटली उचलली आणि माझ्या कपाच्या शेजारी, टेबलावर, व्यवस्थित धार धरली. वहिनी ओरडली, ‘अहो! कुठे बघताय?’ फडकं घेऊन पुसता पुसता माझ्याकडे वळली. ‘बघ गं तूच. कधीची सांगतेय, डोळे दाखवून या. परवा जिन्याची शेवटची पायरी चुकली. माझं ऐकतील तर शपथ.’

दादा हसला. ‘डोळ्याला काय झालंय? नेम चुकला असता तर हिनं सांगितलं असतं. काय गं? नेम बरोबर आहे ना?’

दोघंही माझ्याकडे बघत होती. वहिनीच्या हातातल्या फडक्यातून चहा ठिबकत होता.

‘एकदम बरोबर,’ मी म्हणाले.

‘झालं तर मग,’ दादा वहिनीला म्हणाला. ‘नेम बरोबर तर डोळा बरोबर.’

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, तुझी जीभ एरवी सुरीसारखी चालते, तेव्हाच कशी टाळ्याला चिकटली? मलाही तेच विचारायचंय. घरी येताना मी स्वतःला शंभर कारणं दिली. म्हटलं, दादा गेला तर ओट्यावर घड्याळाचा साडू येणार, कपाटातली काठी बाहेर निघणार, सगळ्या जनावरांचे हाल होणार. म्हणजे मी त्यांच्याच भल्यासाठी गप्प आहे. वा! काय पण पुण्याई. खरं एवढंच होतं, की बंदूक बिघडली हे त्याला सांगता येत होतं, तू बिघडलास हे सांगता येत नव्हतं. ज्या माणसानं माझ्या वेण्या घातल्या त्याला, दुपारी, भरल्या खोलीत, दोन बोटं दाखवून.

मी मुक्याला गाठलं. बूट धुवायच्या नळापाशी.

‘रोज किती वेळा मारावा लागतो दुसरा?’

त्यानं बराच वेळ एकाच बुटावर पाणी सोडलं. मग म्हणाला, ‘आज अकरा-बारा.’

‘मुकादमाला सांगितलंस?’

‘सांगितलं. म्हणतो, दुसरी बंदूक तुला शोभेला दिलीय का?’

‘मग दादाला सांग.’

‘तू सांग,’ मुक्या म्हणाला. ‘तुझा भाऊ आहे.’ मग जाता जाता थांबला. ‘कधी कधी पापणी बघायला वेळच मिळत नाही. आधीच्याला साखळी घालेपर्यंत पुढचं येऊन पडतं. वर गेल्यावर समजतं. मान उचलतात.’

वर्षाचं बोलणं त्यानं एका दमात संपवलं आणि निघून गेला.

मला ते माहीत होतं. तो सांगायच्या आधीपासून माहीत होतं. दोन भोकांचं मुंडकं परवडलं हो, त्याचा अर्थ मुक्यानं वेळेवर बघितलं. पण अधूनमधून एक मुंडकं असं यायचं की भोक एकच आणि तेही डोळ्याच्या वर. दुसरं नाहीच. जीभ सोडवायला गेलं की तिच्यावर दातांचे व्रण. त्या जनावराला कुणीच वेळेवर बघितलं नव्हतं. ते टांगलेलं असताना जागं होतं, सुरी लागली तेव्हाही जागं होतं. अशी मुंडकी मी पटकन धुवायची आणि कपाळ भिंतीकडे करून अडकवायची. गाठी तपासायला कपाळ लागत नाही. म्हातारा डॉक्टर तर लांबूनच मान डोलवून शिक्का मारायचा. कुणाला काही दिसलं नाही. दुपारी दादा भुवई उडवायचा, मी एक बोट वर करायची आणि जेवण तसंच डब्यात परत न्यायची.

सहा आठवडे.

मग म्हातारा डॉक्टर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक डॉक्टरीणबाई आली. तिशीची असेल नसेल. बूट दोन मापं मोठे, चालताना फताक फताक वाजायचे. मला आधी रागच आला तिचा. प्रत्येक मुंडक्याशी थांबायची. गाठी बघायची, दात बघायची, वहीत लिहायची. तिसऱ्या दिवशी तिनं एक मुंडकं हातानं धरून भिंतीकडून आपल्याकडे फिरवलं.

मग त्याच्या शेजारचं फिरवलं. मग सगळी रांग.

‘ही अशी उलटी का टांगता?’

‘पाणी निथळतं,’ मी म्हणाले.

‘आणि ही दोन भोकं?’

‘दुसरा बार खात्रीचा असतो. पद्धत आहे आमची.’

तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही. ‘खात्रीचा असता तर सगळ्यांना असता ना, बाई. चाळिसात सहाच जणांना कसा?’

मी पाइप चालू केला आणि स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा धुवायला लागले. फताक फताक करत ती मुक्याकडे गेली, जनावरं गडगडत येतात तिथे. मी मनात म्हटलं, देवा, आज तरी दादाचा हात नीट चालू दे. मान ताणून बघत राहिले. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. ती वाकून प्रत्येकाच्या डोळ्याला बोट लावत होती. पाचवं एक तांबडं होतं, थोराड. त्याला साखळी चढली, ते वर गेलं, आणि उलटं टांगलेल्या त्या जनावरानं मान वळवली, पाठ कमानीसारखी ताणली आणि आवाज केला. घशातून नुसता.

डॉक्टरीणबाईनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

सगळी यंत्रं एकदम थांबली. एकोणीस वर्षांत मी तो कारखाना भर कामाच्या वेळी इतका शांत ऐकला नव्हता. त्यामुळे तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मुक्यानं धावत जाऊन बार केला आणि मग तो आवाजही थांबला. आणि ओट्याच्या टोकाला येऊन दादा भिंतीवरून वाकला होता, कानांवरची टोपणं काढलेली, चेहऱ्यावर नुसता प्रश्न. त्यानं आजवर तो आवाज ऐकलेलाच नव्हता.

ऑफिसात बोलावलं. टेबलामागे साहेब, बाजूला घड्याळ, समोर डॉक्टरीणबाई, आणि दादा उभा, हातात टोपी. मुक्याला आणि मला दारापाशी उभं केलं होतं. बाई एकेक मुद्दा सांगत गेली. चाळिसात सहांना दुसरा बार. एक टांगल्यावर शुद्धीत. घड्याळ म्हणाला, जनावरं हल्ली फार बिथरलेली येतात. बाई म्हणाली, जनावरं शांत आहेत, मी बोळ बघितलाय, इतका चांगला बोळ मी कुठेच बघितला नाही. नेम चुकतोय.

‘नेम चुकत नाही,’ दादा म्हणाला.

‘मी भोकं बघितली आहेत.’

‘आज एखादं गेलं असेल, बाई. तांबड्यानं मान हलवली, मला जाणवलं होतं. त्याची मला लाज आहे, तुम्ही लिहा ते. पण रोजचं म्हणाल तर नाही. मला रोज कळतं.’ असं म्हणून तो वळला आणि त्यानं मोठ्या विश्वासानं माझ्याकडे हात केला. ‘ही माझी बहीण. मुंडक्यांवर असते. एकोणीस वर्षं रोज दुपारी मला सांगते, आणि चूक असली तर तोंडावर सांगते, भीडभाड नाही तिला. तिला विचारा. सांग गं यांना.’

माझ्या बाजूनं कुणी असं कधी बोललं नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होती आणि तिला उत्तर माहीत होतं. घड्याळही बघत होता, त्याला माझं खोटं हवं होतं, निदान साडूची सोय होईपर्यंत. साहेबांना जेवायला जायचं होतं. आणि दादा थोडासा हसत होता, मला धीर द्यायला.

‘सहा आठवडे झाले,’ मी म्हणाले.

‘कशाला?’ दादानं विचारलं.

‘चुकतोय. सगळे उजवीकडे जातात.’

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मग त्यानं उजवा डोळा हातानं झाकला, खोलीभर बघितलं. मग डावा झाकला. तसाच उभा राहिला बराच वेळ, डावा डोळा झाकून, माझ्या दिशेनं तोंड करून. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. त्याला मी दिसत नव्हते.

टोपी त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. बूट न धुता बाहेर पडला, तशीच रक्ताची पावलं ऑफिसच्या दारापर्यंत उमटली.

काम चार दिवस बंद राहिलं. वहिनीनं दोनदा फोन केला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं म्हणाली, मोतीबिंदू आहे, उजव्या डोळ्यात पिकलेला, डाव्यातही उतरू लागलेला, साधं ऑपरेशन आहे, आधी आले असते तर महिन्यात मोकळे झाले असते. ती माझ्यावर चिडली नव्हती. तिला दादानं काही सांगितलंच नव्हतं, ते तिच्या बोलण्यावरून कळलं. आणि मला ते चिडण्याहून वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. दादा. डोळ्यावर पट्टी नव्हती, ऑपरेशन अजून व्हायचं होतं. मी खुर्ची पुढे केली, त्यानं आधी हातानं चाचपली आणि मग बसला. मी चहा टाकायला वळले.

‘चहा नको. बस.’

मी बसले. एका दमात बोलायला लागले. साडूबद्दल बोलले, काठीबद्दल बोलले, तू घरी बसून खंगला असतास असं म्हणाले, तुझं मन मोडवेना म्हणाले, चुकले म्हणाले, पाया पडते म्हणाले. तो ऐकत होता, पण ज्यासाठी आला होता ते त्यात नव्हतं.

‘साडू वगैरे मी बघितलं असतं,’ तो म्हणाला. ‘ज्या दिवशी कळलं असतं त्या दिवशी मी खाली उतरलो असतो. तुला माहीत नव्हतं का?’

‘माहीत होतं.’

‘मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो नाही, कारण मी रोज तुला विचारत होतो.’

बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं, ती जिन्यावर आपटत खाली गेली.

‘एक विचारतो,’ दादा म्हणाला. ‘दोन भोकांचं सोड, ती मुक्यानं सांभाळली. एकच भोक आणि भलत्या जागी. अशी किती?’

मला म्हणता आलं असतं, माहीत नाही. म्हणता आलं असतं, कोण मोजत बसतंय. तोंडात आलंही होतं. पण सहा आठवडे मी या माणसाशी खोटं बोलले होते, आणि आता त्याला मी धड दिसतही नव्हते.

‘अकरा. आणि ते तांबडं धरून बारा.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘म्हणजे मोजत होतीस.’

‘हो.’

‘रोज?’

‘रोज.’

त्यानं मान हलवली. सावकाश, हिशोब जुळल्यावर हलवतात तशी. मग भिंतीला धरून उठला. मी हात पुढे केला, तो त्याला दिसला नाही किंवा त्यानं घेतला नाही, मला सांगता येणार नाही. दाराशी गेल्यावर थांबला आणि माझ्याकडे न वळता म्हणाला, ‘पहिलं माझं. ते मला कळायला मार्गच नव्हता, पण हात माझा होता, तेव्हा माझं.’

मी वाट बघत उभी होते.

‘बाकीची अकरा तुझी,’ तो म्हणाला, आणि कठडा चाचपत एकेक पायरी उतरायला लागला. मी वरून हो म्हणाले. खाली पोहोचेपर्यंत तीन-चार वेळा म्हणाले, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.